पावणेदोन किलोचं पॉमेरियन किती जगेल? लहान कुत्र्याचं माप, आजार आणि आयुष्य

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीत तुमच्या घरी १४ महिन्यांची पॉमेरियन मादी आहे, वजन १ किलो ७०० ग्रॅम. देणाऱ्यानं 'टीकप', म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं छोटं कुत्रं, म्हणून जास्तीचे पैसे घेतले आणि अशी लहान कुत्री अठरा-अठरा वर्षं जगतात असं सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं उलट, "एवढंसं कुत्रं, ते काय टिकणार हाय?" तिला कमी खायला घालून अशीच लहान ठेवावी का आणि एकदा पिल्लं घ्यावीत का, हेही तुम्ही विचारलंय.

दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. लहान जातीची कुत्री मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात, याला भक्कम पुरावा आहे. पण जातीच्या मापापेक्षाही लहान असलं की आयुष्य आणखी वाढतं, हे खरं नाही. तिथं उलट आजारच वाढतात. कमी खायला घालून लहान ठेवू नका. पिल्लं घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात अशी कुत्री झपाट्यानं वाढली आहेत आणि लोकांना त्यांची माहिती मिळते ती बहुतेक विकणाऱ्याच्याच तोंडून.

आधी आयुष्याचं बघू. प्राण्यांत साधारणपणे मोठं शरीर म्हणजे मोठं आयुष्य. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, हत्ती साठ-सत्तर. कुत्र्यांत मात्र हे उलटं आहे. ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत संपतो आणि लहान जातीचं कुत्रं तेरा-चौदा वर्षं सहज काढतं. २०१३ साली ७४ जातींच्या नोंदी तपासून निघालेला निष्कर्ष असा, की शरीराच्या दर २ किलो वजनामागे आयुष्य साधारण एक महिन्यानं कमी होतं. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोठ्या कुत्र्यांचं म्हातारपण एकदा सुरू झालं की फार वेगानं पुढं सरकतं. सात वर्षांच्या ग्रेट डेनला मी म्हातारा धरूनच तपासतो. सात वर्षांचं पॉमेरियन माझ्या लेखी अजून ऐन उमेदीत असतं.

याचं सगळं कारण अजून उलगडलेलं नाही, पण वाढीच्या वेगाशी त्याचा संबंध आहे. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मताना अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि वर्ष-दीड वर्षात पन्नास-साठ किलोंवर जातं. एवढ्या घाईनं पेशी वाढवणाऱ्या शरीरात कॅन्सरचं, विशेषतः हाडांच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं. वाढीला चालना देणारं आयजीएफ-१ नावाचं एक संप्रेरक आहे. लहान जातींमध्ये ते कमी असतं आणि त्यामागं त्या जनुकातला एक ठरावीक बदल आहे, हे २००७ साली सापडलं. हा बदल माणसानं कुत्र्यांची निवड सुरू केल्यावर आला असावा असं आधी वाटायचं. पण २०२२ च्या संशोधनात तो ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्याच्या अवशेषांतही मिळाला. म्हणजे लहान होण्याची सोय निसर्गातच होती, माणसानं ती वेचून घेतली. तुमच्या मादीला मिळालेलं लांब आयुष्याचं भांडवल हे असं पूर्वजांकडून आलेलं आहे. ते तिच्या जातीत आहे; दोनशे ग्रॅम आणखी कमी असण्यात नाही.

दुसरी एक बाब. लहान असूनही सगळीच कुत्री सारखी जगत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२४ साली पाच लाख ऐंशी हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरून काढलेल्या आकड्यांत लहान आणि लांब नाकाच्या माद्या सगळ्यांत पुढं होत्या, १३.३ वर्षं. सगळ्यांत मागं होते मध्यम आकाराचे, चपट्या तोंडाचे नर, ९.१ वर्षं. मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर आपल्याकडं घरोघरी पग आले. लहान मापाचा फायदा त्यांचं चपटं तोंड खाऊन टाकतं. अथणी, रायबागच्या उन्हाळ्यात पगला धाप लागून आणलेलं मी दरवर्षी बघतो. पॉमेरियनला निमुळतं नाक आहे, हे तुमच्या मादीच्या बाजूनं आहे. आणि गावठी कुत्रं? त्याचं आयुष्य मापावर ठरत नाही. ते ठरतं हायवेवर, पार्वोच्या (रक्ती जुलाब लावणाऱ्या विषाणूच्या) साथीत आणि लस मिळाली की नाही यावर. बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा वीस-पंचवीस किलोंचा असून काटक, पण त्याच्याही बाबतीत रस्ता आणि लस हेच आधी येतं.

आता 'टीकप'. अशी कुठलीही जात नाही. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी कोणतीही मोठी केनेल संस्था तसं माप मानत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या मापात पॉमेरियन साधारण १.४ ते ३.२ किलोंचं असतं. म्हणजे तुमची मादी चक्क मापात बसते, फक्त खालच्या बाजूला. तिला बघून सगळ्यांना नवल वाटतं, कारण आपल्याकडं वर्षानुवर्षं पॉमेरियन म्हणून जी पांढरी कुत्री पाळली गेली ती इंडियन स्पिट्झ, पाच-सहा किलोंची. त्याच्याशेजारी खरं पॉमेरियन पिल्लासारखंच दिसणार. तेव्हा तुम्ही जास्तीचे पैसे दिलेत ते एका साध्या, मापातल्या पॉमेरियनसाठी. याचं वाईट वाटून घेऊ नका. तब्येतीच्या दृष्टीनं ही चांगली बातमी आहे.

काळजी वाटते ती पूर्ण वाढ होऊनही सव्वा किलोच्या खाली राहिलेल्या कुत्र्यांची. 'टीकप' म्हणून विकलं जाणारं कुत्रं बहुतेक तीन वाटांनी येतं. विणीतली सगळ्यांत किडकिडीत पिल्लं एकमेकांशी, कधी नात्यातल्या नात्यात फळवायची, ही एक. पिल्लाला पोटभर न देता खुरटं ठेवायचं, ही दुसरी. तिसरी फसवणूक सगळ्यांत जास्त चालते: तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू अडीच महिन्यांचं म्हणून द्यायचं. पिल्लू अर्थातच लहान दिसतं. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे २०१७ चे केंद्राचे नियम आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई करतात. नात्यात कुणी पिल्लू घेणार असेल तर त्यांना दात बघायला सांगा. दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून फुटतात आणि सहा ते आठ आठवड्यांत २८ पूर्ण होतात. दाढा अजून हिरडीत असतील तर पिल्लू आईपासून फार लवकर तोडलंय, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

अति लहान कुत्र्यांत मी जे शोधतो ते तुमच्या मादीतही एकदा तपासून घ्या. डोक्याच्या मध्यभागी बोट फिरवा. तान्ह्या बाळासारखी टाळू मऊ लागते का? मोठेपणीही टाळू भरलेली नसेल तर डोक्याला मार लागणं तिला महागात पडेल, आणि मेंदूत पाणी साठण्याचा धोकाही बघावा लागतो. दुसरं यकृताचं. काही लहान जातींत आतड्याकडून येणारं रक्त यकृतातून न जाता एका आडवाटेच्या नसेतून थेट पुढं जातं. रक्त साफ होत नाही. असं कुत्रं वाढत नाही, आणि जेवण झाल्यावर एक-दोन तासांत सुस्त होतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, कधी फिट येते. लोक म्हणतात, "जेवलं की झोपतंय बघा, किती गुणाचं हाय." यातलं काही दिसत असेल तर बाइल ॲसिडची रक्ततपासणी करा. पुष्कळ कुत्र्यांत हा दोष ऑपरेशननं सुधारतो, पण वेळेत कळायला हवा.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. लहान कुत्र्याला आयुष्य मोठं मिळालेलं असतं, पण चुकीला जागा फार थोडी असते. आमच्या कामात प्रत्येक गोष्ट किलोमागे मोजली जाते: औषध, विष, साखर, रक्त, ऊब. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरनं जे खाऊन नुसती उलटी केली असती, त्यानं पावणेदोन किलोंची मादी दगावू शकते.

तुमच्या गावात तंबाखू प्रत्येक गल्लीत आहे म्हणून आधी तेच सांगतो. कुत्र्यात किलोमागे १ मिलिग्रॅम निकोटिन पोटात गेलं तरी त्रास सुरू होऊ शकतो. तुमच्या मादीसाठी ते झालं दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही. एका विडीतल्या तंबाखूतच काही मिलिग्रॅम असतं. जमिनीवर ठेवलेली मिश्रीची डबी, खिशातून पडलेली पुडी, अंगणात टाकलेलं थोटूक, यातलं काहीही तिच्या तोंडाला लागता कामा नये. तोंडाला फेस, लाळ, उलट्या, मग थरथर, हे तासाभरात दिसतं. घरी दूध, तूप पाजत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा आणि काय खाल्लं ते लपवू नका.

दुसरं, घरातल्या गोळ्या. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल दिली जाते. ५०० मिलिग्रॅमची गोळी पावणेदोन किलोंच्या शरीरात म्हणजे किलोमागे जवळजवळ ३०० मिलिग्रॅम. कुत्र्याच्या यकृताला शंभरच्या आसपासच इजा होऊ लागते. 'अर्धीच दिली होती' म्हणणारे लोक येतात. या मापाला अर्धी गोळीही जास्तच आहे. अंगदुखीची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर पावही नको. पोटात जखमा आणि किडनी निकामी होणं, दोन्ही होतं.

तिसरं, गोठा. आपल्या भागात घरात म्हैस असते आणि म्हशीच्या गोचिडांचं औषध कपाटात असतं. तेच पाण्यात कालवून कुत्र्याला लावतात, नाहीतर ओळखीच्या कुणाकडून 'गोचिडाचं इंजेक्शन' मारून घेतात. जनावरांच्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनात एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. तेवढं एक मिलि तुमच्या मादीला दिलं तर किलोमागे सहा मिलिग्रॅम होतं. चामडीच्या आजारात आम्ही कुत्र्याला जास्तीत जास्त देतो ते किलोमागे ०.६. दसपट डोस! डोळ्यांची बुबुळं मोठी झालेली, तोल जात असलेली, कोमात गेलेली कुत्री अशीच येतात. गोचीड मात्र काढलेच पाहिजेत, खानापूरच्या ओल्या रानापासून चिकोडीच्या उसापर्यंत सगळीकडं ते आहेत आणि त्यांच्यापासून येणारा गोचीड ताप रक्तातल्या पेशी खातो. पण त्यासाठी तिच्या वजनाच्या गटातलीच गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून देऊ नका. औषध गोळीत सगळीकडं सारखं पसरलेलं असेलच असं नाही.

लसीबाबतीत मात्र किलोचा हिशेब लागू नाही. "एवढंसं हाय डॉक्टर, निम्मीच द्या की," असं बरेच जण म्हणतात. लस शरीराला शत्रू ओळखायला शिकवते आणि त्यासाठी ठरलेली मात्रा पूर्णच लागते, कुत्रं दीड किलोचं असो वा साठ. एवढं खरं, की लहान कुत्र्यांना एकाच दिवशी तीन-चार लसी टोचल्या तर तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास थोडा जास्त दिसतो. म्हणून मी रेबीज आणि बाकीच्या लसी दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं देतो आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतो.

साखरेचं. लहान शरीरात साठा कमी आणि खर्च जास्त. पिल्लूपणी चार-पाच तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटपटतं, गार पडतं, फिट येते. तुमची मादी आता मोठी आहे, धोका कमी झाला, पण तरी तिला दिवसातून तीनदा थोडं थोडं द्या आणि जुलाब-उलटी असेल तर दिवसभर उपाशी ठेवून वाट बघू नका. कधी लटपटलीच तर गुळाचं घट्ट पाणी किंवा मध बोटानं हिरड्यांना चोळा. शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मग ऊबदार कपड्यात गुंडाळून दवाखाना.

आता दात. लहान कुत्र्यांच्या आयुष्यातली वर्षं सगळ्यांत जास्त इथं वाया जातात, आणि कुणी तोंड उघडून बघतच नाही. मोठ्या कुत्र्याला पक्के दात ४२. ग्रेट डेनलाही ४२ आणि तुमच्या मादीलाही ४२! जबडा अंगठ्याएवढा. दात एकमेकांना चिकटून, तिरपे उगवतात. मधल्या फटीत अन्न अडकतं, कीटण चढतं, हिरडी मागं सरकते. वर दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत.

आज संध्याकाळी तिला मांडीवर घ्या, उजेडाकडं तोंड करा आणि वरचा ओठ हळूच उचला. सुळ्याच्या जागी एकाच बाजूला दोन सुळे दिसतात का, एक जाड आणि त्याला चिकटून दुसरा सुईसारखा बारीक? तो बारीक दुधाचा. सात महिन्यांनंतर तो तोंडात राहायला नको. आता १४ व्या महिन्यात असेल तर काढावाच लागेल. मग मागच्या दाढा बघा. बाहेरच्या बाजूला पिवळा-तपकिरी थर आहे का? दाताच्या मुळाशी हिरडीवर लाल रेघ आहे का? वास येतो का? लोकांना वाटतं कुत्र्याच्या तोंडाला वास असायचाच. निरोगी तोंडाला तसा घाण वास येत नाही.

हे एवढं का सांगतोय? कारण सडक्या हिरड्यांतून जंतू रोज रक्तात जात राहतात, दुखण्यामुळं कुत्रं खाणं कमी करतं, आणि या मापाच्या कुत्र्यांत खालच्या जबड्याचं हाड दातांच्या मुळांभोवती इतकं पातळ होतं, की कडक बिस्कीट चावतानाही तो मोडू शकतो. आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याचे डझनभर दात एकदम काढावे लागतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं. लहान मुलाचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीचीच पेस्ट, रोज एक मिनिट. माणसाची पेस्ट नको. तिच्यातला फ्लोराइड गिळला जातो आणि काहींत गोडव्यासाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला विष आहे. सुरुवातीला नुसतं बोट फिरवा. पंधरा-वीस दिवसांत सवय होते.

हाडांचं थोडक्यात. या कुत्र्यांचे पुढचे पाय पेन्सिलीएवढे. पलंगावरून, सोफ्यावरून, मुलांच्या हातातून, स्कूटीच्या पुढच्या फळीवरून उडी मारली की मनगटाच्या वरचं हाड मोडतं. तिथं रक्तपुरवठा कमी, त्यामुळं नुसत्या प्लास्टरनं ते नीट जुळत नाही. बहुतेक वेळा प्लेट बसवावी लागते. कामट्या बांधून घेऊ नका, पाय कायमचा जातो. मागचा पाय चालता चालता दोन पावलं उचलून धरते आणि पुन्हा नीट चालते असं दिसलं तर गुडघ्याची वाटी सरकतेय. पॉमेरियनमध्ये हे फार आढळतं. हलकं असेल तर वजन आटोक्यात ठेवून आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरून बरीच वर्षं निभावतं.

गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. लहान जातींत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या सैल पडतात आणि पट्ट्यानं ओढलं की हंसासारखा आवाज करत कोरडा खोकला येतो. पुढं वयाच्या आठ-दहाव्या वर्षी खोकला आला तर मात्र हृदयही तपासून घ्या, कारण लहान कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळू लागते आणि तोवर हृदय मोठं झालेलं असतं. हे वेळेत पकडलं तर औषधं आहेत. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत पिमोबेंडन हे औषध लवकर सुरू केलेल्या कुत्र्यांत हृदय निकामी होणं साधारण १५ महिन्यांनी लांबलं. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे थोडे नाहीत. घरी करायची सोपी तपासणी: गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजा. ३० च्या आत असावेत. ते रोज वाढत चाललेत असं दिसलं तर थांबू नका.

आता खाणं. कमी घालून लहान ठेवायचं का, या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. तिची हाडं भरलीत, ती आता मोठी होणार नाही. कमी घातलंत तर ती लहान राहणार नाही, अशक्त होईल. पण जास्तही नको. तिला दिवसाला साधारण १५० ते १७० कॅलरी पुरतात. तेल लावलेली एक चपाती शंभराच्या वर जाते. चहाबरोबरची दोन ग्लुकोज बिस्किटं म्हणजे चाळीस-पन्नास कॅलरी, तिच्या दिवसाच्या पाव भागाहून जास्त. तुम्ही जेवणाशिवाय वर चार चपात्या खाव्यात, तसं ते झालं. घरातले पाच जण एकेक बिस्कीट देतात आणि सगळे म्हणतात, मी तर एकच दिलं.

वजनाचा आयुष्यावर परिणाम होतो हे नीट सिद्ध झालंय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लूपणापासून मरेपर्यंत पाळले. ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं ती सरासरी १.८ वर्षं जास्त जगली. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात बारा जाती तपासल्या, तेव्हा लठ्ठपणानं सगळ्यांत जास्त वर्षं घालवली ती इवल्याशा यॉर्कशायर टेरियरची, अडीच वर्षांपर्यंत. तेव्हा तुमचं माप असं ठेवा: केसांतून बोटं फिरवली की बरगड्या हलक्या हातानं मोजता याव्यात, पण नुसत्या डोळ्यांना त्या आणि कंबरेची हाडं टोचल्यासारखी दिसू नयेत. दर महिन्याला वजन करा. धान्याचा काटा चालतो, घरातला माणसांचा काटा नाही. या मापात दीडशे ग्रॅम म्हणजे मोठा फरक.

सणावारी सांभाळा. बेळगावचा कुंदा आला, गोकाकचं करदंट आलं की कुत्र्याच्या पुढ्यात तुकडा पडतोच. खवा, तूप आणि साखर एकदम पोटात गेली की लहान जातींत स्वादुपिंडाला सूज येते, उलट्या थांबत नाहीत, चार दिवस सलाईनवर जातात. बेदाणे आणि द्राक्षं तर कुत्र्याच्या किडनीलाच मारतात. अथणीकडचे पाहुणे पिशवीभर बेदाणे घेऊन येतात, ती पिशवी उंचावर ठेवा. उन्हाळ्यात तिचे केस मशीननं पार उतरवू नका. पॉमेरियनचे केस कधी कधी पुन्हा नीट येतच नाहीत. आणि फिरायला न्याल तेव्हा मोकाट कुत्र्यांचा घोळका लांबून दिसला तरी रस्ता बदला. त्यांच्या एका चाव्यात या मापाच्या कुत्र्याच्या बरगड्या आत मोडतात. बाहेर दोन भोकंच दिसतात.

शेवटी पिल्लांचं. 'एकदा तरी व्यायला पाहिजे, त्याशिवाय तब्येत धरत नाही,' ही समजूत आपल्याकडं पक्की आहे. तिला शास्त्राचा आधार नाही. या मापाच्या मादीच्या पोटात बहुधा एक-दोनच पिल्लं असतात. एकटं पिल्लू मोठं वाढतं, पॉमेरियनचं डोकं गोल आणि आईची कंबर अरुंद. पिल्लू अडकतं, तेही रात्री दोन वाजता, आणि मग निपाणीहून कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठायचं आणि सिझेरियन करायचं. त्यातून वाचली तर दूध पाजताना रक्तातलं कॅल्शियम उतरतं. म्हशीला व्यायल्यावर दूधज्वर होतो हे तुमच्या घरच्यांना माहीत असेल; म्हैस गार पडून बसते, कुत्री मात्र ताठ होते, कापते, ताप १०६ पर्यंत चढतो. तासाभरात शिरेतून कॅल्शियम मिळालं नाही तर जाते. हे सगळं एका-दोन पिल्लांसाठी.

त्यापेक्षा तिचं गर्भाशय काढून घ्या. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींत ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ पाव माद्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू झालेला आढळला. जी मादी तेरा-चौदा वर्षं जगणार, तिला हा धोका तितकाच जास्त काळ राहतो. नुकतीच माजावर येऊन गेली असेल तर दोन-तीन महिने थांबा, मग करा. त्याच भुलीत राहिलेले दुधाचे सुळे काढता येतात आणि कीटण साफ करता येतं. जिथं ऑपरेशन करणार तिथं आधी विचारा: रक्त तपासणार का, भूल गॅसची आहे का, श्वासनलिकेत नळी घालून देणार का, ऑपरेशन चालू असताना अंग गरम ठेवायची सोय आहे का. एवढं छोटं शरीर टेबलावर वीस मिनिटांत गार पडतं, म्हणून शेवटचा प्रश्न विसरू नका. मोठ्या कुत्र्यासारखं आदल्या रात्रीपासून उपाशीही ठेवू नका; किती तास आधी खाणं बंद करायचं ते डॉक्टरांना तिचं वजन सांगून ठरवून घ्या, आणि शुद्धीवर आली की थोडंसं लगेच खायला द्या. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि गरज पाव हिस्सा कमी होते, त्यामुळं त्या महिन्यापासून वाटीतलं माप कमी करा, आणि बिस्किटं पूर्ण बंद.